अपूर्ण ज्वलन

अण्णांनी चादरीखालून शैलूताईचा हात बाहेर काढला, तिची बोटं स्वतःच्या तळहातावर पसरली आणि नखं खिडकीच्या उजेडाकडे धरून बघत राहिले.

"अहो, असे काय बघताय?" आई म्हणाली. "तिचे गाल बघा ना. गुलाबी आहेत. मेलेलं माणूस असं दिसतं का कधी? डॉक्टरला सांगा, पुन्हा एकदा बघा म्हणावं."

अण्णांनी हात पुन्हा चादरीखाली ठेवला, चादर नीट केली.

निफाडच्या सरकारी दवाखान्यामागची ती खोली होती. जानेवारी संपत आला होता आणि थंडी अशी, की बाहेर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडातूनही वाफ निघत होती. मी तेव्हा मनमाडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शैलजा माझी थोरली बहीण. तिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. सकाळी आम्ही चहा घेत असताना फोन आला, "शैलजा बाथरूममध्ये पडली, लगेच निघा." भास्करमामानं जीप काढली. वाटेत आई सारखी म्हणत होती, पाय मोडला असेल, प्लास्टर घालतील, मी तिला घरी घेऊन येईन.

तिचे गाल खरंच गुलाबी होते. ओठसुद्धा. लग्नाच्या दिवशी दिसली नव्हती इतकी टवटवीत दिसत होती ती, आणि तेच बघवत नव्हतं.

"अक्का, हे औषधानं होतं," मामा आईच्या कानाशी म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "पोरगं औषधांचं दुकान चालवतंय. घरात विषाचे डबे रचलेले. अजून काय पाहिजे?"

शैलूताईचा नवरा हर्षल बोरस्ते याचं द्राक्षबागांवर फवारायच्या औषधांचं दुकान होतं. घरात तो, त्याची विधवा आई लीलाबाई आणि शैलूताई, एवढीच माणसं. शैलूताईला बी.एड. करायचं होतं. लीलाबाई म्हणत, एवढ्यात नको, घर जरा मार्गी लागू दे. दिवाळीला आली तेव्हा ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून ह्यावरूनच रडली होती. दुसऱ्या दिवशी हसतखेळत सासरी गेली. पण त्या सकाळी ते रडणं मामानं बरोबर उचललं.

"तेव्हाच सांगत होती पोरगी. आपल्याला कळलं नाही. आतून कडी होती म्हणतात, लाथ मारून तोडली म्हणतात. तुटकी कडी काय, कुणीही दाखवेल."

आई त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी घट्ट होत गेलं. सकाळपासून पहिल्यांदाच ती रडायची थांबली.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाकावर हर्षल आणि लीलाबाई बसले होते. शेजारी एक हवालदार. लीलाबाईंचं लुगडं कमरेपासून खाली ओलं होतं, ते त्यांनी अजून बदललं नव्हतं. हर्षलच्या उजव्या पायात चप्पल नव्हती, टाच फुटून रक्त वाळलं होतं. अण्णा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले, कारण मला वाटलं, ते त्याला मारतील. अण्णांनी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं, पण तो दिवसच तसा होता.

"आज तिनं केस धुतले होते?" अण्णांनी विचारलं.

हर्षलनं वर बघितलं. त्याला प्रश्नच समजला नाही.

"केस, हर्षलराव. नुसती अंघोळ की केस धुवायला गेली होती?"

"केस धुवायला. कुठं तरी हळदीकुंकवाला जायचं होतं." त्याचा आवाज फुटला. "बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता, अण्णा. मला वाटलं, धुतेय. मग आई म्हणाली, पाणी नुसतंच वाहतंय रे. मी हाका मारल्या..."

"गॅस गीझर चालू होता?"

"चालूच होता. दार तोडलं तेव्हासुद्धा चालू होता."

"तुम्ही स्वतः कुठे अंघोळ करता?"

"मी पहाटे बागेत जातो. विहिरीच्या मोटारीवरच करतो."

"दाजी!" मामा धावत आला. "त्याच्याशी काय गप्पा मारताय?" त्यानं हर्षलची कॉलर धरून त्याला उठवलं आणि कुणी मध्ये पडायच्या आत दोन थोबाडीत मारल्या. हर्षलनं हात वर केला नाही. लीलाबाई मात्र उठून मध्ये आल्या आणि तिसरा तडाखा त्यांच्या कानशिलावर बसला. हवालदारानं मामाला ओढलं. बाहेर आमच्याकडची माणसं जमली होती, त्यांनी आरडाओरडा केला. अंत्यविधी ह्यांच्या दारातच करू, असं कुणीतरी ओरडलं.

अण्णा ह्या सगळ्याकडे पाठ करून डॉक्टरांच्या खोलीकडे चालले होते.

अण्णांना मनमाडमध्ये सगळे शेवाळे सर म्हणून ओळखत. दहावीला ते विज्ञान शिकवत. रासायनिक समीकरण जुळत नाही म्हणून एखाद्यानं सूत्रातला खालचा आकडाच बदलला, तर ते रागवायचे नाहीत, शांतपणे सगळी ओळ पुसायचे. "पाण्याला पाणीच राहू दे बाळा," म्हणायचे. घरातही ते असेच होते, आवाज न चढवणारे. त्यांचा राग आम्ही दोघी बहिणींनी पाहिलाच नव्हता.

डॉक्टर तरुण होते. तहसील कचेरीचे साहेब आल्यावर शवविच्छेदन व्हायचं होतं, रक्ताचा नमुना तेवढा डॉक्टरांनी काढून ठेवला होता. व्हिसेरा नाशिकला तपासायला जाईल, अहवाल यायला महिने लागतील, तोवर आपण काही नक्की सांगू शकत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"तुम्ही नखं बघत होतात. मी पाहिलं."

"रक्ताचा रंग कसा होता?" अण्णांनी विचारलं.

"तेच मी सांगणार होतो. लालभडक. अशा वेळी काळसर असतं." डॉक्टर उठले, दार लोटून आले. "सर, एक जुनी चाचणी आहे. कॉस्टिक सोड्याची. आम्हाला एकदा दाखवली होती. कागदावर तिला किंमत नाही, कोर्टात ती चालणार नाही. नाशिकचा अहवाल तो खरा."

"मला कोर्टासाठी नकोय. मला बघायचंय."

"बघवेल तुम्हाला?"

"करा तुम्ही."

डॉक्टरांनी दोन परीक्षानळ्यांत थोडं थोडं पाणी घेतलं. एकीत बाटलीतलं शैलूताईचं रक्त थेंबभर टाकलं. दुसऱ्या नळीसाठी ते स्वतःच्या बोटाला सुई टोचणार, तेवढ्यात अण्णांनी हात पुढे केला. "माझं घ्या."

मी दाराशी उभी होते. मला बाहेर जा असं कुणी म्हणालं नाही.

दोन्ही नळ्यांतलं पाणी लाल झालं. मग डॉक्टरांनी दोन्हींत कॉस्टिक सोड्याचं द्रावण टाकलं आणि त्या हलवून उजेडात धरल्या. अण्णांच्या रक्ताची नळी बघता बघता गढूळ झाली, तपकिरी, हिरवट, साचलेल्या पाण्यासारखी. शैलूताईची तशीच राहिली. गुलाबी. आम्ही वाट बघितली. ती गुलाबीच राहिली.

"कार्बन मोनॉक्साइड," डॉक्टर हळूच म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. डॉक्टरांनी पुढे केलेला कापूस त्यांनी बोटावर दाबून धरला आणि आम्ही बाहेर आलो.

दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर ऊन होतं. अण्णा तिथं बसले. मला वाटलं, आता रडतील. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नंदा, प्रोपेनच्या ज्वलनाचं समीकरण सांग."

"अण्णा..."

"आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो, ब्युटेन असतो. प्रोपेन सोपा आहे, तोच घे. सांग."

त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता आणि मला त्याची भीती वाटली. मी सांगितलं. "सी थ्री एच एट अधिक पाच ओ टू. तीन सी ओ टू अधिक चार एच टू ओ."

"मोज."

"कार्बन तीन, तीन. हायड्रोजन आठ, आठ. ऑक्सिजन दहा, इकडं सहा आणि चार, दहा. जुळलं."

"आता खोली बंद आहे. आत ज्योत जळतेय. माणूसही श्वास घेतंय. ऑक्सिजन कमी कमी होत चाललाय. पाच मिळत नाहीत. काय होईल?"

"कार्बन डायऑक्साइड पुरता होणार नाही. मोनॉक्साइड होईल."

"ते संतुलित कर."

मी मनातल्या मनात मांडलं. एक प्रोपेन घेतला, तर उजवीकडं ऑक्सिजनचे अणू सात येत होते. सात जोडीनं जुळेनात. मग सगळं दुप्पट केलं. शैलूताई मागच्या खोलीत होती आणि मी तोंडानं पुटपुटत अणू मोजत होते.

"दोन प्रोपेन, सात ऑक्सिजन. सहा कार्बन मोनॉक्साइड, आठ पाणी."

"मोज."

"कार्बन सहा, सहा. हायड्रोजन सोळा, सोळा. ऑक्सिजन चौदा. सहा आणि आठ, चौदा."

"चुकलं नाही ना कुठे?"

"नाही अण्णा."

"पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी "जुळलं" म्हणाले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल," ते म्हणाले.

मी त्यांना म्हणाले, म्हणजे हर्षलभाऊजींनी काही केलेलं नाही. ते वायूनं झालं. तिला कळलंसुद्धा नसेल. त्याला वास नसतो, रंग नसतो. रक्तात ऑक्सिजनच्या जागी तोच जाऊन बसतो. चक्कर आली असेल आणि ती खाली बसली असेल. त्यांना धीर यावा म्हणून मी बोलत होते. गीझर दिवाळसणाला आम्हीच दिलेला होता हे मला माहीत होतं, पण गीझर तर तेव्हा सगळेच देत होते. अण्णा ऐकत होते की नाही कोण जाणे. मग ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चल. साहेब आले असतील."

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली, की पोलिसांबरोबर तहसील कचेरीचा माणूसही चौकशीला येतो. त्या दिवशी नायब तहसीलदार कुलथे आले होते. दवाखान्याच्या एका खोलीत टेबल मांडून ते बसले होते. माहेरचे एका बाजूला, सासरचे दुसऱ्या बाजूला. मामानं आधीच सगळं सांगून ठेवलेलं दिसत होतं, कारण कुलथेंनी अण्णांना बसायला सांगितलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं दुःख मोठं आहे. जास्त वेळ घेत नाही. मुलीला सासरी त्रास होता, असं तुमचे मेहुणे म्हणतात. तुम्ही बापाच्या तोंडानं सांगा, म्हणजे पुढची कारवाई करता येईल."

हर्षल जमिनीकडं बघत होता. लीलाबाईंचा गाल सुजला होता.

"त्रास नव्हता," अण्णा म्हणाले.

"दाजी!"

"शिक्षणावरून थोडी नाराजी होती. ती कुठल्या घरात नसते? साहेब, माझी मुलगी कार्बन मोनॉक्साइडनं गेली. गॅस गीझरच्या. डॉक्टरांना वाटतंय तसं, मलाही वाटतंय. नाशिकचा अहवाल तेच सांगेल."

"म्हणजे अपघात."

"पुढचं ऐका. लिहून घ्या." अण्णांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. कापूस अजून बोटाला चिकटलेला होता. "गीझर मी आणला. दुकानदार म्हणाला होता, बाथरूमच्या बाहेर बसवा. बाहेरून येईपर्यंत पाणी गार होतं, म्हणून मी तो आत बसवून घेतला. संक्रांतीला मी एकटाच इथं आलो होतो, तिळगूळ घेऊन. तिला खोकला झाला होता. बाथरूमच्या झरोक्यातून गार वारं येतं म्हणाली. मी प्लायवूडचा तुकडा आणला आणि तो झरोका खिळे मारून बंद करून टाकला."

आईनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"ह्या बाई तिथंच उभ्या होत्या," अण्णांनी लीलाबाईंकडं हात केला. "ह्या मला म्हणाल्या, सर, आत कोंदट होईल, जरा फट राहू द्या. मी ह्यांना हसून म्हणालो, बाई, गॅसला धूर नसतो."

लीलाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"दहावीला हे मीच शिकवतो, साहेब. अपूर्ण ज्वलन. इतकी वर्षं शिकवतोय. दर वर्षी परीक्षेला येतं."

"दाजी, तुमचं डोकं ठिकाणावर नाही," मामा ओरडला. "साहेब, हे नका लिहू. दुःखानं माणूस काहीही बोलतं."

कुलथेंनी पेन खाली ठेवलं होतं. "गुरुजी, हे असं नोंदवलं, तर उद्या निष्काळजीपणा म्हणून तुमच्यावरच येऊ शकतं. कळतंय ना तुम्हाला? गीझर होता, झरोका बंद होता, एवढं पुरेसं आहे. कुणी बंद केला ते मी तुम्हाला विचारलेलं नाही."

"तुम्ही नाही विचारलंत तर ह्यांना विचारतील," अण्णा हर्षलकडं न बघता म्हणाले. "घर ह्यांचं आहे. लिहा."

कुलथेंनी लिहिलं. मग ते आईकडं वळले. "बाई, तुमचा जबाब वेगळा घेता येतो. यजमानांचं काहीही असो, तुम्हाला जे वाटतं ते तुम्ही सांगू शकता."

"बोल अक्का," मामा म्हणाला. "घाबरू नको. आम्ही आहोत."

आई समोर बघत होती. समोर लीलाबाई होत्या, ओल्या लुगड्यात कुडकुडणाऱ्या. आईच्या ओठांची हालचाल झाली, आणि मला खात्री होती की ती आता बोलणार. सकाळी तिच्या चेहऱ्यावर जे घट्ट झालं होतं, ते अजून तिथंच होतं.

"मला काही सांगायचं नाही," आई म्हणाली.

अंत्यविधी तिथंच झाला, गोदावरीच्या काठावर. मामा आणि त्याच्याबरोबरची माणसं दवाखान्यातूनच निघून गेली होती. खांदा द्यायला बोरस्त्यांची भावकी होती आणि अण्णा होते. अग्नी देताना अण्णांनी मागून हर्षलची कोपरं धरली. ज्वाळा चढल्या तशी माणसं मागे सरकली. अण्णा तिथंच उभे राहिले. शेवटी लीलाबाईंच्या दिरानं त्यांना दंडाला धरून मागं घेतलं.

परत आम्ही एस.टी.नं आलो. बस जवळजवळ रिकामी होती. आई खिडकीशी, शेजारी अण्णा, त्यांच्या मागच्या सीटवर मी. लासलगाव मागं पडलं. मग आई, खिडकीबाहेर बघतच, अगदी साध्या आवाजात बोलायला लागली.

"तुम्ही गप्प बसला असता तर चाललं असतं."

अण्णांनी हातातल्या तिकिटांची घडी घातली.

"त्यांनी मारलं, असं धरून मी जगले असते. रोज शिव्याशाप दिले असते त्या बाईला. तेवढं तरी मला राहिलं असतं. आता कुणाला देऊ?" तिनं मान वळवली. "तुमच्याच घरात राहायचंय मला. तुमचाच स्वयंपाक करायचाय."

"हो," अण्णा म्हणाले.

"एवढंच? हो?"

"मला दुसरं काही येत नाही गं."

आईनं पुन्हा तोंड खिडकीकडं वळवलं. मनमाड येईपर्यंत तिचं डोकं काचेवर आपटत होतं आणि ती ते उचलत नव्हती.

नाशिकचा अहवाल पावसाळ्यात आला. डॉक्टरांनी म्हटलं होतं तेच त्यात होतं. अण्णांना दोनतीनदा निफाडला बोलावून घेतलं, मग अपघाती मृत्यू म्हणून ते प्रकरण मिटलं. हर्षलनं पुढं दुसरं लग्न केलं. पत्रिका घेऊन तो स्वतः आला होता, आईनं त्याला जेवू घातलं, पण त्याच्याशीही ती फार बोलली नाही. मामा आमच्याकडे पुन्हा आला नाही. अण्णांनी निवृत्त होईपर्यंत ज्वलनाचा धडा स्वतःच शिकवला, दुसऱ्या कुणाला दिला नाही. तो शिकवताना त्यांनी वर्गात काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

घरात त्या दोघांचं बोलणं जवळजवळ संपलं. भाजी काय आणायची, दूधवाला आला का, इतपतच. मला वाटायचं, आई हे घर सोडून जाईल. मग वाटायचं, जाणार कुठं?

आमच्याकडे पाणी अंगणातल्या बंबात तापायचं. अण्णा बादली घेऊन न्हाणीघरात जायचे आणि दार लावून घ्यायचे. निफाडहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, आई सुपात तांदूळ घेऊन न्हाणीघराच्या दाराशी येऊन बसली. तिथं उजेड नव्हता, तांदूळ निवडायची ती जागाच नव्हती. आतून तांब्याचा, पाण्याचा आवाज येत होता तोवर ती निवडत राहिली. आवाज थांबला, तसे तिचे हात थांबले. तिनं बोटाच्या पेरानं दारावर टकटक केली.

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आहे," अण्णा म्हणाले.

आईनं सूप उचललं आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पुढं अण्णा गेले तोवर, एकही दिवस न चुकता, तिनं ती टकटक केली. ती आजारी असायची तेव्हा भिंतीला धरून यायची. तिनं त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही, तसं तिनं कधी म्हटलं नाही. ती दाराशी बसायची, पाण्याचा आवाज थांबला की टकटक करायची, आणि आतून "आहे" ऐकू आल्याशिवाय तिथून हलायची नाही.